एकीला सोडायला चौघे

मे महिन्यातली पहाट, साडेचार वाजलेले. मानेवाड्याच्या आमच्या घरासमोर गाडी सुरू होते. लेक मुंबईला परत निघालेली असते, सहाचं विमान. मागच्या सीटवर ती, तिची आई आणि तिची आत्या. पुढे माझ्या शेजारी नातू, कारण त्याला विमान बघायचं असतं. डिकीत एक बॅग आणि संत्रा बर्फीचे दोन डबे. सोनेगावच्या विमानतळावर पोचल्यावर दोन मिनिटं डोळे पुसणं होतं, लेक आत जाते आणि आम्ही चौघे तिला सोडून परत येतो. चार दिवसांनी ती कार्यालयाच्या कामासाठी पुन्हा नागपूरला येणार असेल, तर हीच वरात आणायलाही जाते.

मी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यामुळे एक खोड लागली आहे: कुठलीही गोष्ट दिसली की ती किती युनिट खाते आणि त्या युनिटला किती कोळसा जळतो, हे मनात येतंच. विमानतळांच्या ‘हिरव्या पार्किंग’ची चित्रं पाहिली तेव्हाही हेच झालं. निळी-काळी सौर छतं, खाली ओळीने उभ्या पांढऱ्या गाड्या, प्रत्येकीला एक चार्जरची वायर आणि फटीफटीतून उगवलेलं गवत. चित्र देखणं होतं. चार्जरची वायर मागे कुठपर्यंत जाते, तेवढं मात्र त्यात नव्हतं.

हा विषय आत्ताच का? आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या विस्ताराची पायाभरणी ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. अंदाजे सात हजार कोटींचा प्रकल्प आहे. एवढं काम निघालं की मोठं पार्किंग येणार आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे त्याला ‘पर्यावरणपूरक’ हे विशेषणही लागणार. म्हणून आराखडे पक्के होण्याआधी थोडा हिशेब मांडतो.

आधी चांगलं सांगतो. पार्किंगवर सौर छत ही नागपूरसाठी उत्तम कल्पना आहे. एका गाडीची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. तेवढ्या छतावर अडीच किलोवॅटचे पॅनल सहज बसतात. आपल्या उन्हात ते वर्षाची सरासरी काढली तर रोज नऊ-दहा युनिट वीज देतील. एका युनिटवर विजेची गाडी सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे एका गाडीवरची सावली रोज साठ किलोमीटरची वीज देते. शिवाय खालची गाडी तापत नाही. मे महिन्यात चार दिवस उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडून पाहा, मग सावलीची किंमत कळते. विमानतळावरच्या गाड्या दिवसच्या दिवस उभ्या असतात, त्यामुळे त्यांना ऊन असताना सावकाश चार्ज करता येतं. तिथे महागड्या फास्ट चार्जरची गरज नाही, साधा सॉकेट पुरतो. कोचीच्या विमानतळाने ऑगस्ट २०१५ मध्ये बारा मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला आणि स्वतःची विजेची गरज उन्हावर भागवणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून नाव मिळवलं. पार्किंगवरही त्यांनी पॅनल चढवले. फ्रान्सने तर मार्च २०२३ मध्ये कायदाच केला: दीड हजार चौरस मीटरहून मोठ्या पार्किंगच्या निम्म्या जागेवर सौर छत हवं. हे सगळं नागपूरने जरूर करावं.

पण एवढ्यावर ‘हिरवं’ म्हणून शिक्का मारायचा का? इथे माझी कोराडीची खोड आडवी येते.

सौर छत दिवसा चालतं. रात्री दहाला येऊन गाडी चार्जरला लावली, तर ती वीज कोराडीच्या किंवा खापरखेड्याच्या केंद्राची. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत आणि ते दगडी कोळशावर चालतात. देशाच्या ग्रीडमधलं एक युनिट सरासरी पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडून आपल्या घरात येतं. राखेचा प्रश्न वेगळाच. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा शेतांमध्ये काय वाहत गेलं, ते त्या भागातल्या शेतकऱ्यांना विचारा. म्हणून मी हिशेब असा करतो. आमच्या घरापासून विमानतळ नऊ किलोमीटर. लेकीला सोडून परत यायला अठरा, आणायला पुन्हा अठरा, एकूण छत्तीस. पेट्रोलच्या गाडीला सुमारे अडीच लिटर लागतं आणि साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेवढंच अंतर विजेच्या गाडीने ग्रीडच्या विजेवर कापलं, तर चार किलो. फायदा आहे, पण उरलेला धूर फक्त माझ्या गल्लीतून कोराडीत गेला.

हा छत्तीसचा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. लेकीने स्वतः गाडी नेऊन विमानतळावर ठेवली असती, तर फेरी एकच झाली असती, अठरा किलोमीटरची. आम्ही ‘सोडायला’ आणि ‘आणायला’ गेलो म्हणून ती दुप्पट झाली. म्हणजे पार्किंग लहान केलं आणि लोक सोडायला-आणायलाच येत राहिले, तर धूर उलट वाढतो. पार्किंगचा विचार त्यामुळे सुटा करता येत नाही. माणूस विमानतळावर कसा पोचतो, हा खरा प्रश्न. लंडनच्या हीथ्रो विमानतळाने नोव्हेंबर २०२१ पासून टर्मिनलच्या दारात सोडायला येणाऱ्या गाड्यांनाच शुल्क लावलं, ते उगाच नाही.

आणि आपल्याकडे यावर उत्तर हाताशी आहे. वर्धा रोडवर मेट्रोचं ‘एअरपोर्ट’ नावाचं स्टेशन आहे. ७ मार्च २०१९ रोजी खापरी ते सीताबर्डी मार्गाचं उद्घाटन झालं, तेव्हा आपण सगळेच आनंदलो होतो. स्टेशन आणि टर्मिनल यांच्यात उरतो तो शेवटचा तुकडा. हा तुकडा नकाशावर बोटभर आहे. पण एका हातात बॅग, दुसऱ्यात नातवाचं बोट आणि डोक्यावर मेचं ऊन घेऊन तो चालून पाहा. मी एकदा पाहिला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, तेव्हा बाजूने जाणाऱ्या एका ऑटोवाल्याने गाडी हळू केली. ‘काहून काकाजी, पायी चालून राहिले?’ मी म्हटलं, पर्यावरण वाचवतो आहे. तो हसून म्हणाला, ‘आधी तुम्ही वाचा ना जी.’

त्याचं खरं होतं. मेट्रो सकाळी सहाला जागी होते आणि रात्री दहाला झोपते. पहाटे सहाच्या विमानाला साडेचारला निघालेला माणूस तिच्या काही उपयोगाचा नाही आणि तीही त्याच्या नाही. ही तफावत भरून काढण्याचा खर्च एका मोठ्या पार्किंगच्या मानाने किरकोळ असेल. सावलीचा पादचारी मार्ग, प्रत्येक मेट्रोशी वेळ जुळवलेली विजेची छोटी बस आणि पहाटेच्या विमानांसाठी शहराच्या चार टोकांवरून निघणाऱ्या बसेस. यात चकचकीत छायाचित्र काढण्याजोगं काही नाही, म्हणून ते मागे पडतं.

नुसते चार्जर आणून काम होत नाही, हे नागपूरला नव्याने शिकायची गरजही नाही. २६ मे २०१७ रोजी याच शहरात देशातला पहिला विजेवरच्या टॅक्सींचा मोठा प्रकल्प सुरू झाला. ओला कंपनीच्या दोनशे गाड्या, त्यांत टॅक्सी, ऑटो आणि ई-रिक्षा, आणि शहरात चार्जिंगची ठिकाणं. पुढच्याच वर्षी बातम्या आल्या: चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत उभं राहून कंटाळलेले चालक गाड्या परत करून डिझेलकडे वळत होते. हेतू वाईट नव्हता. फक्त जो माणूस ती गाडी चालवणार होता, त्याच्या दिवसाचं वेळापत्रक कोणी विचारलं नाही. हिरव्या पार्किंगचं तेच होऊ नये, म्हणून ही आठवण.

आता जमिनीकडे या. गाडीला उभं राहायला बारा चौरस मीटर लागतात, पण वळायची वाट धरली तर पंचवीस. गाडी विजेची असो की पेट्रोलची, पंचवीस ते पंचवीसच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. त्यानंतर या शहरात सिमेंटखाली झाकलेला प्रत्येक मीटर जाब मागतो. गवत उगवणारे जाळीचे ब्लॉक हे त्यावर उत्तर म्हणून दाखवतात. पण आपली माती काळी आहे. ओली झाली की फुगते, पाणी वर धरून ठेवते, आणि वरून गाड्यांचं वजन आलं की घट्ट दाबली जाते. खाली खडीचा जाड थर आणि पाणी मुरवण्याचे खड्डे नसतील, तर जाळीतलं गवत ही नुसती रंगरंगोटी. डांबर आणि सिमेंटचा दुसरा त्रास उष्णतेचा. नागपूरचं तापमान मोजणारी हवामान खात्याची वेधशाळाही सोनेगावलाच आहे. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडलेला होता, असं खात्याने नंतर सांगितलं. पण आकडा खोटा निघूनही आपल्यातल्या कोणाला तो अशक्य वाटला नाही, हीच खरी बातमी होती.

सौर छतासाठी कडुलिंब तोडायला निघाले, तर मात्र मी रस्त्यावर येईन. २०२१ मध्ये अजनीची झाडं वाचवण्यासाठी या शहराने आवाज उठवला होता, तो विसरलेलो नाही. जिथे झाड आहे तिथे झाडच छत.

आता सगळ्यात अवघड आकडा. नागपूर-मुंबई विमानात एका प्रवाशाच्या वाट्याला ढोबळ मानाने साठ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. जाऊन-येऊन एकशे वीस. आमच्या गाडीच्या चारी फेऱ्यांची बेरीज साडेपाच किलो. म्हणजे पार्किंग कितीही हिरवं केलं, तरी आपण एकशे पंचविसातल्या साडेपाचावर मेहनत घेतो आहोत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कोचीचा विमानतळ ‘सौर’ आहे म्हणतात, तेव्हाही अर्थ इमारतीची वीज असा असतो. धावपट्टीवरून उडणारं विमान त्या हिशेबात नसतं. म्हणून साडेपाच किलो सोडून द्यायचे का? नाही. ते आपल्या शहराच्या हातात आहेत, विमानाचं इंजिन नाही. फक्त साडेपाच किलो वाचवून एकशे वीसचं पुण्य मिरवू नये.

हिरवं पार्किंग म्हटलं की मला माझे वडील आठवतात. ते टपाल खात्यात होते. १९४९ पासून पुढे दोन तपं रात्रीची हवाई टपाल सेवा सोनेगावहून चालायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्या आपसांत बदलत आणि उजाडायच्या आत परत जात. वडील तिथे ड्युटीवर सायकलने जात आणि ती एका झाडाच्या बुंध्याला लावत. जुन्या काळाचे गोडवे गात नाही. त्यांना पावसात भिजून परतताना मी पाहिलं आहे. पण कमी जागा घेणारी गाडी आणि वर झाड, याहून हिरवं पार्किंग मला अजून दिसलेलं नाही.

तेव्हा नव्या टर्मिनलचा आराखडा आखणाऱ्यांकडे तीन मागण्या. पार्किंगची एकही नवी रांग आखण्याआधी मेट्रो स्टेशनपासून टर्मिनलपर्यंतचा सावलीचा रस्ता आणि बस पक्की करा. पार्किंगवर सौर छत जरूर टाका, पण पाणी कुठे मुरणार आणि रात्रीची वीज कुठून येणार, हेही तिथेच फलकावर लिहा. आणि दरवर्षी एक आकडा जाहीर करा: शंभर प्रवाशांमागे किती गाड्या आल्या. तो आकडा खाली येत असेल तर पार्किंग हिरवं. वर जात असेल, तर वर सोन्याचे पॅनल लावले तरी नाही.

आणि वाचकहो, आपल्यासाठी एक. मुंबईचं काम आदल्या दिवशी निघून उरकत असेल, तर विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी मुंबईत पोचवते. विमानाशिवाय गत्यंतर नसेल, तर सोडायला चौघांनी जायची गरज नाही. मी घरात सांगून टाकलं आहे. पुढच्या वेळी दुपारचं विमान असेल तर लेकीला मेट्रोपर्यंतच सोडायचं. नातू रुसला आहे, त्याला विमान बघायचं होतं. त्याला मी एक दिवस मेट्रोनेच विमान दाखवायला नेणार आहे. तिकडचा रस्ता तोवर सावलीचा झालेला असावा.