गाव तिथे महारवाडा : घाण नेमकी कोणाची?

‘गाव तिथे महारवाडा.’ चांगल्याबरोबर वाईट असायचेच, असा या म्हणीचा अर्थ सांगितला जातो. म्हणजे गाव चांगले आणि महारवाडा वाईट, हे आधीच गृहीत! म्हणी म्हणजे लोकांचे शहाणपण, असे आपल्याला शिकवतात. कोणत्या लोकांचे? ही म्हण गावाने केली. महारवाड्याला कोणी विचारले होते?

माझा अनुभव सांगतो. आमच्या गावाचा उतार आमच्या वस्तीकडे. गावातल्या मोऱ्यांचे पाणी आमच्या दारावरून वाहायचे. गावात ढोर मेले की ओढायला माझे आजोबा. रात्री-अपरात्री सरकारी निरोप पोहोचवायला आजोबा. शिवेचा वाद झाला की हद्द दाखवायलाही तेच. घाण गावाची, उचलणारे आम्ही, आणि घाणेरडे म्हणून नाव पुन्हा आमचेच.

पुढे नोकरीत एका सहकाऱ्याची लाचखोरी उघडी पडली. तो आपल्या समाजाचा नव्हता. तरी चहा पिताना साहेब सहज बोलून गेले, “चालायचंच, गाव तिथे महारवाडा!” सगळे हसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्हाला उद्देशून नाही हं!” मी विचारले, “साहेब, लाच खाल्ली गावाने, मग नाव महारवाड्याचे का?” उत्तर आले नाही. “तुम्ही लोक लगेच मनाला लावून घेता,” एवढेच.

आता हीच म्हण आपल्या बाजूने वाचा. गाव तिथे महारवाडा असायचाच, कारण महारवाड्याला राबवल्याशिवाय गावाचा एक दिवस निघत नव्हता. ही वेठबिगारी मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांनाही त्यांनीच सुनावले.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. योग्यच झाले. पण पाटी बदलली म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही. वस्ती वेशीबाहेरच राहिली, तर नव्या नावाच्या पाटीखालूनही गावाचेच सांडपाणी वाहणार.

म्हणून तरुण मित्रांनो, ही म्हण कानावर आली की हसून सोडून देऊ नका. तिथल्या तिथे, चार लोकांसमोर अर्थ विचारा. त्यांना जमला नाही तर तुम्ही सांगा : ही म्हण म्हणजे गावाने स्वतःच्या तोंडाने दिलेला कबुलीजबाब आहे.

जय भीम!