तलावांच्या मुलखात दोन दिवस

सुट्टी जवळ आली की एकत्र कुटुंबात प्रवासाचा विषय निघतो, आणि तो निघाला की घरात दोन पक्ष पडतात. वडील मंडळींची मजल काशी, पंढरपूर, फार तर महाबळेश्वर येथपर्यंत. तरुण मंडळींची दृष्टी एकदम समुद्रापार पोहोचते. हल्ली दक्षिण थायलंडचे नाव पुष्कळ ऐकू येते. क्राबीजवळ समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे, फत्तलुंग प्रांतातील भातशेते, थले नोई सरोवरातील कमळे व पाणपक्षी, आणि शेताच्या कडेला थाटलेल्या लहानशा उपाहारगृहात बसून हिरवाईकडे पाहत घेतलेला कॉफीचा पेला, असे त्या प्रवासाचे वर्णन असते. वर्णन खोटे नाही. थले नोईच्या परिसरातील पाणथळीस १९९८ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता मिळाली. थायलंडात हा मान मिळविणारे ते पहिलेच ठिकाण होय. ज्यांस सवड आणि ऐपत आहे त्यांनी अवश्य जावे.

परंतु भातशेते, सरोवर, पाणपक्षी आणि काठावरचा चहा ही चारही जेथे एकत्र मिळतात, असा एक मुलूख आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकास आहे, आणि तेथे आजीपासून पाचवीतल्या नातवापर्यंत सारे घर एकाच आगगाडीने जाऊ शकते. तो मुलूख म्हणजे गोंदिया जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला. लोक या भागास झाडीपट्टी म्हणतात. भाताच्या पिकास येथे धान आणि धानाच्या बांध घातलेल्या शेतास बांधी म्हणतात. हे दोन शब्द पाठ केले म्हणजे प्रवासाची निम्मी तयारी झाली असे समजावे.

गोंदिया शहर मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोठे जंक्शन आहे. येथून एक फाटा उत्तरेस बालाघाट व जबलपुराकडे, तर दुसरा दक्षिणेस नागभीड व बल्लारशाहकडे जातो. हे दोन्ही मार्ग एके काळी अरुंद रुळांचे होते. आता त्यांवर रुंद रूळ पडले आहेत. शहर भाताच्या गिरण्यांचे. त्याची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर सकाळी सातच्या सुमारास स्थानकाबाहेरच्या एखाद्या उपाहारगृहात बाकावर जाऊन बसावे. पोह्यांवर लाल तर्री ओतली जात असते, कढईत आलूबोंडे फुगत असतात, शेजारी जिलेबीचे वळसे पडत असतात. एका बाकावर मराठी चालते, दुसऱ्यावर हिंदी. पोवारी आणि छत्तीसगढी कानी पडते, आणि सालेकशाकडून आलेल्या मंडळींची गोंडीही. गिरणीचा हमाल आणि पेढीवरचा शेठ एकाच किटलीतला चहा पितात. आमच्या आजोबांच्या पिढीस अशा ठिकाणची पायरी चढणे म्हणजे प्रायश्चित्ताचा विषय वाटे. आज तरुणांसाठी काचेच्या दारांची, गार कॉफी देणारी कॅफे नावाची दालनेही शहरात आहेत, व नातवंडांच्या आग्रहास्तव तेथे एकदा बसण्यास हरकत नाही. परंतु गार कॉफी सर्व शहरांत सारखीच लागते. तर्री गावागणिक बदलते, हे ध्यानात असू द्यावे.

पहिला दिवस पूर्वेस द्यावा. दुर्गकडे जाणाऱ्या गाडीने सुमारे २५ किलोमीटरांवर आमगाव लागते. त्याच्याजवळ पदमपूर नावाचे खेडे आहे. उत्तररामचरिताचा कर्ता भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपले मूळ स्थान पद्मपूर असे सांगतो, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजेच हे पदमपूर, असे प्रतिपादन केले आहे. वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट याच पद्मपुराहून लिहिला गेला होता. ज्या घरात एकाही पिढीने संस्कृताचा अभ्यास केला असेल त्या घराने येथे अर्धा तास तरी थांबावे. भव्य वास्तूची अपेक्षा मात्र करू नये. सभोवार धानाच्या बांध्या आहेत, आणि करुणरसाचा महाकवी याच मातीतला मानला जातो, एवढी जाणीव पुरेशी आहे.

पुढे सालेकसा व दरेकसा ही स्थानके येतात. येथे सपाटी संपून डोंगर सुरू होतात व गाडी बोगद्यात शिरते. दरेकशापासून जवळच हाजरा धबधबा आहे; तो पाहावयाचा तर पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता जावे. त्याच डोंगरांत कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचे ते अत्यंत पवित्र स्थान असून माघ पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते व निरनिराळ्या राज्यांतून भाविक येतात. तेथे पर्यटक म्हणून न जाता दुसऱ्याच्या देवघरात जावे तसे जावे.

दुसरा दिवस दक्षिणेचा. गोंदियाहून सुमारे ६५ किलोमीटरांवर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांध आहे. बल्लारशाहच्या मार्गावरील देवलगाव हे त्याचे जवळचे स्थानक. डोंगरांच्या कुशीत पसरलेले ते पाणी प्रथम दृष्टीस पडते तेव्हा हे सरोवर निसर्गाने निर्माण केले असावे असे कोणासही वाटेल. वास्तविक ते मनुष्याने बांधले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला. लोकांनी पुढे त्यांस देवत्व दिले. काठच्या एका शिखरावर कोलासुर देव या नावाने त्यांचे ठाणे आहे, आणि भोवतालच्या सात शिखरांस सात बहिणी म्हणतात. या बहिणींनी बांधकामास हात लावला अशी श्रद्धा आहे. राजाचे नाव विसरले जाते, सेनापतीचे विसरले जाते. पाणी अडविणाऱ्या पाटलाची मात्र पूजा होते, यावरून या मुलखाने कोणत्या गुणास थोर मानले ते कळून येते.

कोहळी समाजाची ही विद्या मोठी नामी होती. उताराची जमीन पाहून मातीची पाळ घालावयाची, जादा पाण्यास सांडव्याने वाट द्यावयाची, आणि पाणी हवे तेव्हा सोडण्यासाठी पाळीत तुडुम बसवावयाचे. मोठ्या तलावाचे पाणी बांधीत, आणि लहानसहान गरजेस गावोगाव बोड्या. अशा शेकडो तलावांवर धान पिकला व गावे नांदली. मालगुजारांच्या काळात ते बांधले व राखले गेले म्हणून त्यांस मालगुजारी तलाव हे नाव पडले. १९५१ साली मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. ही व्यवस्था न्यायाची होती यात शंका नाही. परंतु पूर्वी पाळीस भोक पडले की कोणी धावावयाचे ते ठरलेले असे, पुढे ते तसे ठरलेले राहिले नाही. कित्येक तलाव गाळाने भरत गेले. आपण ज्यास निसर्गशोभा म्हणून पाहतो ती वस्तुतः कोणाची तरी रोजची राखण असते, हा धडा या पाळीवर उभे राहिल्यावाचून कळत नाही.

नवेगावच्या अरण्यास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे काढलेल्या काळावर ‘नवेगावबांधचे दिवस’ हा ग्रंथ लिहिला. २०२५ साली ते निवर्तले. प्रवासास निघण्यापूर्वी घरातील कोणी तरी तो ग्रंथ मोठ्याने वाचावा व इतरांनी ऐकावा. वाघ दिसेल की नाही हे दैवाधीन आहे. पण पक्ष्यांची नावे ठाऊक असली की कोणाचीही फेरी फुकट जात नाही. हिवाळ्यात उत्तरेकडील बदके या तलावांवर उतरतात, तोच काळ जाण्यास उत्तम.

त्याच तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या बाजूस, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७०नंतरच्या दशकात तिची उभारणी झाली. धानाच्या बांध्यांमध्ये बौद्ध मठ उभा दिसावा हे दृश्य प्रथम पाहणारास चकित करते. तेथे मोमो किंवा थुक्पा मिळाल्यास आपल्या आहारनियमांत बसेल ते विचारून घ्यावे. थंडीच्या दिवसांत तेथील बरीच मंडळी लोकरीचे कपडे विकण्यासाठी दूरच्या शहरांत गेलेली असतात. आपल्या गावच्या बाजारात ज्या बाईकडून आपण स्वेटर घेतला तिचे घर असे कोठे तरी धानाच्या काठी आहे, हे मुलांस सांगावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या जिल्ह्याच्या बांध्यांत आणि वैनगंगा व बाघ या नद्यांच्या काठी सारस पक्षी राहतो. उडणाऱ्या पक्ष्यांत तो सर्वांत उंच. जोडीने जन्म काढतो. पावसाळ्यात पाणथळीत किंवा उभ्या धानात घरटे करून बहुधा दोन अंडी घालतो. वाल्मीकींच्या शोकास कारण झालेला क्रौंच म्हणजे सारसच, असे काही अभ्यासक मानतात. आणि ती कथा उत्तररामचरिताच्या दुसऱ्या अंकात भवभूतीनेही सांगितली आहे. महाराष्ट्रात सारसाचा मुख्य आश्रय आता हा जिल्हाच उरला असून त्यांची संख्या काही दशकांवर मोजावी इतकी थोडी आहे. विजेच्या तारा, शेतातील विषारी औषधे आणि बुजत चाललेल्या बोड्या हे त्याचे आजचे निषाद. घरट्यामुळे बांधीतील काही धान मोडतो. तो तोटा सोसून शेतकरी अंडी राखतो, म्हणून पक्षी टिकला आहे. स्थानिक निसर्गप्रेमी मंडळी दरवर्षी गणना करतात व शेतकऱ्यांस या कामी जोडून घेतात.

ज्या थायलंडाचे नाव आरंभी घेतले त्याच देशात रानातला सारस १९६८च्या सुमारास नाहीसा झाला. पुढे पिंजऱ्यात वाढविलेली पिले २०११पासून बुरीराम प्रांतातील पाणथळीत सोडून त्यांनी तो पुन्हा वसविण्याचा उद्योग आरंभिला, आणि तेथेही तो भातशेतांतच वाढतो आहे. गमावलेले परत आणावयास त्या लोकांस केवढे सायास पडले! आपल्याकडे ते अद्याप गमावलेले नाही.

म्हणून जाणाऱ्या कुटुंबास आमच्या चार सूचना आहेत. डबा घरून न्यावा, पण एक वेळचे जेवण व दोन वेळचा चहा त्या गावातच घ्यावा. परततांना गिरणीतून किंवा शेतकऱ्याकडून पाच-दहा किलो तांदूळ घ्यावा, म्हणजे पाळ राखणाराच्या घरी चार पैसे जातील. घरट्याजवळ छायाचित्रासाठी जाऊ नये. पाळीवरून दुर्बिणीने पाहावे. गावातील वृद्धास तलाव कोणी बांधला ते विचारावे, व सांगितलेले नाव लिहून ठेवावे. आणि वृद्धांस घरी ठेवून जाऊ नये. या प्रवासात चढण थोडी आणि बसण्याच्या जागा पुष्कळ आहेत.

परत आल्यावर त्या तांदळाचा भात शिजेल तेव्हा पानावर बसलेल्या मुलांस विचारावे, की या भातास पाणी कोणी दिले? कोलू पाटलाचे नाव त्यांच्या तोंडून आले, तर सुट्टी सत्कारणी लागली असे समजावे.