हृदयाचा आहार आणि रेशनचे दुकान

गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील आमच्या वसाहतीच्या पहारेकऱ्याला रात्रपाळीवर असतानाच हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे ४६. शेजाऱ्यांनी वेळेवर रुग्णालयात नेले, स्टेंट बसवला गेला आणि माणूस वाचला. घरी सोडताना त्याच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक छापील आहारपत्रक देण्यात आले. ते वाचून दाखवण्यासाठी तो माझ्याकडे आला, कारण पत्रक इंग्रजीत होते. ऑलिव्ह तेल, अक्रोड, ओट्स, सामन मासा, ब्रोकोली अशी ती यादी होती. मी वाचत गेलो आणि तो शांतपणे ऐकत राहिला. शेवटी त्याने एवढेच विचारले, ‘‘साहेब, यातले रेशनवर काय मिळते?’’

हा प्रश्न मला गेले कित्येक महिने सोडत नाही. आपल्याकडे हृदयविकार आणि आहार यांची चर्चा व्यक्तीच्या संयमापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जिभेवर ताबा ठेवा, तळलेले टाळा, चालायला जा. हा सल्ला चुकीचा नाही. पण देशातील साधारण चारपैकी एक मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत असताना आणि ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३, तर इतरत्र ते जवळपास ५९ आढळले असताना, केवळ संयमाचा उपदेश पुरेसा कसा मानायचा? आपल्या लोकांची इच्छाशक्ती इतरांपेक्षा सहा वर्षांनी कमी आहे, असे तर कोणी म्हणणार नाही.

ताटात काय पडते हे घरातील गृहिणीइतकेच आयात शुल्क, वस्तू व सेवा कर आणि शिधावाटप हेही ठरवतात. तेलाचेच पाहा. आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण आयात करतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो. पामतेलात जवळपास निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. मोहरी, शेंगदाणा वा सूर्यफुलाच्या तेलात हे प्रमाण बरेच कमी असते. संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त मेद आले की रक्तातील घातक कोलेस्टेरॉल उतरते, ही आहारशास्त्रातील अत्यंत पक्की गोष्ट आहे. तरीही मे २०२५ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले, तेव्हा तिन्ही तेलांना एकच माप लावले. महागाईचा विचार झाला, रिफायनरींचा झाला. हृदयाचा झाल्याचे दिसले नाही. तमिळनाडूत रेशनवर स्वस्त दरात पामतेल मिळते. महाराष्ट्राच्या ‘आनंदाचा शिधा’मध्येही रवा, चणाडाळ आणि साखरेसोबत पामतेलच होते. गरिबाला तेल मिळावे हा हेतू चांगलाच आहे. पण ते कोणते तेल असावे, हे ठरवताना आहारतज्ज्ञाला कोणी विचारले होते काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून घरातील तेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन केले. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. देशाच्या प्रमुखाने स्वयंपाकघरातील तेलाविषयी बोलावे, ही छोटी गोष्ट नव्हे. मात्र त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम, फरसाण आणि झटपट नूडल्स यांच्यावरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आला. साखरयुक्त वायुमिश्रित पेयांना ४० टक्क्यांच्या गटात ठेवले आणि सुक्या मेव्यावरील करही उतरवला, हे न्यायाने सांगायला हवे. तरीसुद्धा एकूण चित्र असे की आवाहन एका दिशेला आणि कर दुसऱ्या दिशेला. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत पेये, उपाहार व प्रक्रियायुक्त पदार्थ यांवरील खर्च ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या ९.८४ टक्के, तर शहरांत ११.०९ टक्के होता. अन्नावरील खर्चात हाच गट सर्वांत मोठा ठरला. बारा तास उभा राहणारा आमचा पहारेकरी चहाबरोबर पाच रुपयांचा बिस्किटपुडा खातो. त्यामागे चैन नाही. त्या पैशात हाताशी मिळणारे दुसरे काही नसते.

पाकिटावर ठळक इशारा छापण्याचा प्रश्नही असाच रेंगाळला आहे. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद वा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांवर काळी अष्टकोनी चिन्हे सक्तीची केली. निरक्षर माणसालाही ती समजतात. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला, तो मात्र ताऱ्यांचा: अर्ध्यापासून पाचपर्यंत. या पद्धतीत तंतुमय घटक किंवा सुका मेवा घालून साखर-मिठाचे दोषगुण भरून काढता येतात. म्हणजे भुजियाच्या पाकिटावरही दोन तारे झळकू शकतात आणि ग्राहकाला ते बक्षीसच वाटणार. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात असे सांगितले. पुढे मुदतवाढ मागितली गेली. मधल्या काळात सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचे फलक लावण्याची सूचना निघाली, तर ‘समोसा-जिलेबीवर इशारा’ अशी हाकाटी उठली आणि सरकारला खुलासा करावा लागला. समोशाच्या अस्मितेचे रक्षण झाले. पाकिटांचा प्रश्न होता तिथेच राहिला.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, याचा दाखला आपल्याच घरात आहे. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद हृदयाला घातक असतात, हे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत होते. ऐकले थोड्यांनी. मग प्राधिकरणाने तेल-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. कोणा गृहिणीला काही शिकावे लागले नाही. बदल कारखान्यात झाला.

मिठाबाबत असेच करता येईल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. आपले सरासरी सेवन आठ ग्रॅमच्या आसपास आहे. पाश्चात्त्य देशांत बहुतांश मीठ पाकिटातून येते. आपल्याकडे अजूनही ते मोठ्या प्रमाणावर घरच्या भाजी-आमटीतून, लोणच्या-पापडातून येते, म्हणून मीठच बदलणे हा आपल्यासाठी सोपा मार्ग ठरतो. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले गेले. पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाच्या रुग्णांना हे मीठ धोकादायक ठरू शकते, तेव्हा वैद्यकीय सल्ल्याची व्यवस्था हवीच. पण आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवर २००६ मध्ये देशभर बंदी घालून दाखवणाऱ्या शासनाला असे मीठ निदान रक्तदाबाच्या रुग्णांपर्यंत सवलतीत पोहोचवणे अशक्य नाही. आज ते मोठ्या शहरांच्या दुकानांत चढ्या भावाने मिळते.

आता पहारेकऱ्याच्या प्रश्नाकडे. अन्न सुरक्षा कायद्याखाली सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. उपासमार टळली, हे या योजनेचे मोठे यश. पण त्यात डाळ नाही. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात एप्रिल ते नोव्हेंबर केंद्राने प्रत्येक लाभार्थी कुटुंबाला महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा दिला होता. म्हणजे साठवण, वाहतूक, वाटप या सगळ्याची रंगीत तालीम झालेली आहे. खर्च वाढेल, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र २०२१ च्या पामतेल अभियानासाठी ११,०४० कोटी रुपये मंजूर करताना हा आक्षेप आड आला नव्हता.

त्या दिवशी मी पहारेकऱ्याला सांगितले ते एवढेच. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आहार हा औषधाला पर्याय नव्हे, जोड आहे. ओट्स विसर, हरभरा आणि मूग पुरे. शेंगदाणे खा, पण खारे नकोत. तेल मोहरीचे, मोजून. लोणचे बंद. ऋतूतील स्वस्त भाजी आणि पेरू. त्याने बोटांवर हिशेब केला. डाळ रोज परवडणार नाही, आठवड्यातून चार दिवस जमेल, असे म्हणाला आणि ते इंग्रजी पत्रक घडी घालून माझ्याच टेबलावर ठेवून पाळीवर निघून गेला.