उभ्यांना बसण्याचा हक्क मिळाला, बसणाऱ्यांचे काय?

नवी दिल्ली : देशातील चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कामगारांच्या कल्याणकारी सुविधांची यादी दिलेली आहे. उभे राहून काम करावे लागणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था, ही त्या यादीतील एक तरतूद. मात्र जो कर्मचारी सकाळी दहापासून सायंकाळी सातपर्यंत संगणकासमोर बसूनच असतो, त्याची खुर्ची कशी असावी, टेबल किती उंच असावे, पडदा कोठे असावा, मधून उठण्याची मुभा किती असावी, याविषयी यादीत एक शब्दही नाही. भारतातील कामगार कायद्याने आजवर उभ्या कामगाराचे दुःख ओळखले. बसलेल्या कामगाराचे दुःख अद्याप त्याच्या नजरेस पडलेले नाही.

या त्रुटीचे मूळ इतिहासात आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४४ नुसार उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना, विश्रांतीची संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून योग्य आसनांची सोय करणे बंधनकारक होते. त्या काळी श्रम म्हणजे माग, भट्टी आणि यंत्र. बसणे म्हणजे विसावा, हे समीकरण त्या काळाला साजेसेच होते. दुकाने मात्र या संरक्षणाबाहेर राहिली. केरळमधील कोळिकोड येथे कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी 'पेणकूट्ट' या संघटनेच्या माध्यमातून बसण्याच्या हक्कासाठी दीर्घ लढा दिला. त्यानंतर २०१८ मध्ये केरळने आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून हा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तोच मार्ग स्वीकारला. आसन ही मालकाची मेहेरबानी नसून कामाच्या अटींचा भाग आहे, हे तत्त्व या लढ्याने प्रस्थापित केले.

आता प्रश्न उलट बाजूने उभा राहिला आहे. बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटर, माहिती तंत्रज्ञान उद्योग, लेखा कार्यालये, वृत्तकक्ष आणि शासकीय कचेऱ्या यांमध्ये कोट्यवधी लोकांचे काम बसूनच चालते. त्यांच्यासाठी बसणे हा विसावा नसून तेच श्रम आहेत.

आर्थिक पाहणीची नोंद

या प्रश्नाची दखल अनपेक्षित ठिकाणी घेतली गेली. संसदेत ३१ जानेवारी २०२५ रोजी मांडलेल्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात, सेपियन लॅब्जच्या अभ्यासाचा हवाला देत, टेबलाशी घालवलेले तास आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध नमूद करण्यात आला. दररोज १२ किंवा अधिक तास टेबलाशी बसणाऱ्यांचा मानसिक स्वास्थ्याचा गुणांक, दोन किंवा त्याहून कमी तास बसणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १०० गुणांनी खाली असल्याचे त्यात म्हटले आहे. अशा आकडेवारीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अधिक तास बसणाऱ्यांवर कामाचा ताणही अधिक असू शकतो. तरीही देशाच्या अर्थव्यवस्थेचा ताळेबंद मांडणाऱ्या दस्तऐवजात टेबल-खुर्चीला स्थान मिळावे, ही बाब लक्षणीय ठरते.

शरीराविषयीचे पुरावे त्याहून जुने व ठोस आहेत. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता, असा 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. कार्यक्षमता हिरावून घेणाऱ्या विकारांत कंबरदुखी अग्रस्थानी आहे. तिची कारणे अनेक आहेत; अवजड ओझी उचलणे, वय, स्थूलता आणि मानसिक ताण हे सर्व घटक त्यात येतात. केवळ खुर्चीला दोषी ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु ज्या देशातील सुमारे निम्मे प्रौढ २०२२ मध्ये पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, असे 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील २०२४ च्या अभ्यासातून समोर आले, त्या देशात दिवसाचे आठ-दहा तास एकाच जागी बांधून ठेवणाऱ्या कामाचा विचार आरोग्यधोरणाबाहेर ठेवता येणार नाही.

टेबलाची उंची कोणाच्या मापाची?

कार्यालयातील त्रासाचे गणित समजून घेण्यासाठी एक साधे उदाहरण पुरेसे आहे. बाजारात मिळणारी बहुतेक कार्यालयीन टेबले सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. या उंचीची स्त्री पाय जमिनीवर टेकवून बसली, तर तिचे कोपर जमिनीपासून साधारण ६० ते ६५ सेंटिमीटरवर येते. कळफलक त्याहून दहा-पंधरा सेंटिमीटर वर असतो. परिणामी टंकलेखन करताना खांदे सतत उचललेले राहतात आणि मान आखडते. हे टाळण्यासाठी खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळतात, मांडीच्या खालच्या बाजूवर आसनाच्या कडेचा दाब पडतो आणि पायांना सूज येते. अशा वेळी पायांखाली एखादा पाट किंवा चौकी असणे आवश्यक ठरते. उपाय अत्यंत स्वस्त आहे. मात्र तो बहुतेक कार्यालयांत दिसत नाही, कारण टेबल आणि बसणारी व्यक्ती यांची मापे कोणी जुळवून पाहत नाही.

भारतीय मापांचा अभाव, हे कारण आता पुढे करता येणार नाही. देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीयांच्या शरीरमापांचे विस्तृत संकलन केले आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेने ते १९९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. भारतीय मानक ब्युरोने कामाच्या खुर्च्यांसाठी 'आयएस १७६३१' आणि टेबलांसाठी 'आयएस १७६३३' ही मानके निश्चित केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही अधिसूचित केला. हा आदेश वस्तूचा दर्जा तपासतो. खुर्ची मजबूत आहे का, ती कलंडणार नाही ना, हे त्यातून ठरेल. ती खुर्ची तिच्यावर बसणाऱ्या व्यक्तीला योग्य आहे का, हे तपासण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नाही.

'ताठ बसा' या उपदेशाची मर्यादा

व्यवस्थेने अंग काढून घेतले की सारा भार व्यक्तीवर येतो. मग 'ताठ बसा', 'पाठ सरळ ठेवा' असे उपदेश भिंतीवर झळकतात. शास्त्राचा निष्कर्ष वेगळा आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीवरील दाब प्रत्यक्ष मोजला. आधाराविना बसलेल्या अवस्थेत हा दाब उभ्या अवस्थेपेक्षा अधिक असल्याचे त्यांना आढळले. १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांच्या मोजमापात, सैल बसल्यावर तो तितका वाढत नसल्याचे दिसले. स्वित्झर्लंडचे एटियेन ग्रँजाँ यांनी १९८० च्या दशकात संगणकावर काम करणाऱ्यांचे निरीक्षण केले. आसने स्वतः जुळवून घेण्याची मुभा मिळताच बहुतेकांनी काटकोनात बसण्याऐवजी पाठ किंचित मागे टेकवून बसणे पसंत केले. या साऱ्याचा मथितार्थ असा की कोणतीही एकच स्थिती आदर्श नसते. पाठीला आधार आणि स्थितीत वारंवार बदल, या दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

उंची बदलता येणारी महागडी टेबले हाही सर्वरोगहारी उपाय नव्हे. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अशा टेबलांमुळे सुरुवातीच्या काळात कामावरील बसण्याचा वेळ दिवसाला सुमारे १०० मिनिटांनी घटतो; मात्र दीर्घकालीन आरोग्यलाभाचा भक्कम पुरावा त्यात आढळला नाही. तासन्‌तास उभे राहण्याचे दुष्परिणाम तर कोळिकोडच्या विक्रेत्या स्त्रियांनी अनुभवलेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही बसण्याची तासांत मर्यादा सांगत नाहीत. बसण्याचा वेळ कमी करून त्याजागी कोणत्याही स्वरूपाची हालचाल आणावी, इतकेच त्या सुचवतात. म्हणजेच कर्मचाऱ्याला खरी गरज आहे ती उठण्याची मोकळीक मिळण्याची. ज्या कॉल सेंटरमध्ये प्रत्येक मिनिटाचा हिशेब संगणक ठेवतो, तेथे कितीही उत्तम खुर्ची दिली तरी ही मोकळीक मिळत नाही.

इतर देशांचा अनुभव

युरोपीय समुदायाने १९९० मध्येच पडद्यासमोरील कामासाठी स्वतंत्र निर्देश काढला. प्रत्येक कार्यस्थानाची तपासणी, कामात ठरावीक अंतराने विराम किंवा कामाच्या स्वरूपात बदल, नेत्रतपासणीचा हक्क, उंची बदलता येणारी खुर्ची आणि मागणी केल्यास पाय टेकवण्याची सोय या बाबी त्यात आहेत. कळफलक पडद्यापासून वेगळा असावा, अशीही अट त्यात आहे. ब्रिटनने याच धर्तीवर केलेले नियम १ जानेवारी १९९३ पासून अमलात आले. लॅपटॉपने या अटीचे महत्त्व अधोरेखित केले आहे. त्यात पडदा व कळफलक जोडलेले असल्याने, हात योग्य उंचीवर ठेवले तर मान वाकते आणि पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात अधांतरी राहतात. घरून काम करण्याच्या काळात स्वयंपाकघरातील ओट्यावर किंवा पलंगावर लॅपटॉप ठेवून काम केलेल्यांना याचा प्रत्यय आला आहे.

अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. तेथील व्यावसायिक सुरक्षा प्रशासनाने नोव्हेंबर २००० मध्ये एर्गोनॉमिक्सविषयक व्यापक नियम जारी केला. खर्चाच्या मुद्द्यावर उद्योगजगताने तीव्र विरोध केला आणि मार्च २००१ मध्ये काँग्रेसने तो रद्द ठरवला. अतिव्यापक आणि बोजड नियम टिकत नाही, हा त्यातील धडा आहे. त्याचबरोबर, युरोपात अशी तरतूद तीन दशकांहून अधिक काळ नांदते आहे, हेही विसरून चालणार नाही.

ज्याची नोंद नाही, तो आजार नाही

भारतातील अडचण नोंदीपासून सुरू होते. नव्या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत ज्या आजारांची सूचना शासनाला देणे बंधनकारक आहे, त्यांत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजामुळे येणारे बहिरेपण आदींचा समावेश आहे. मनगटातील नस दबून हात बधिर करणारा कार्पल टनेल सिंड्रोम किंवा कामामुळे उद्भवणारे मान-पाठीचे विकार त्यात नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत मात्र स्नायू व अस्थिसंस्थेच्या विकारांचा स्वतंत्र गट आहे. नोंद नसल्यामुळे आकडेवारी नाही, आकडेवारी नसल्यामुळे प्रश्न नाही, असे हे चक्र आहे. उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या रजा यांचा भार अखेर कर्मचाऱ्याच्याच खिशावर पडतो.

संहितेत आणखी एक मेख आहे. केंद्र व राज्य शासनाची कार्यालये तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आहेत. म्हणजे फायलींचे ढीग आणि वेताच्या जुन्या खुर्च्या ज्यांच्या वाट्याला आल्या, त्या शासकीय कर्मचाऱ्यांना या कायद्याचा आधार मिळणार नाही. केंद्र सरकारने त्यांच्यासाठी 'वाय-ब्रेक' हा कार्यालयीन खुर्चीतच करता येणारा पाच मिनिटांचा योगविराम पुरस्कृत केला असून, कार्मिक विभागाने २०२३ मध्ये त्याच्या प्रसाराच्या सूचना दिल्या. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु सूचना आणि हक्क यांत मूलभूत अंतर असते.

दुसरीकडे कामाचे तास वाढवण्याकडे धोरणाचा कल दिसतो. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम असली, तरी एका बैठकीतील कालावधी वाढतो. ज्याचे काम टेबलाशीच आहे, त्याच्यासाठी तो एक तास अधिक बसण्याचा आहे.

मार्ग उपलब्ध आहे

नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. कर्मचाऱ्याला इजा किंवा व्यावसायिक आजार संभवेल अशा धोक्यांपासून कार्यस्थळ मुक्त ठेवणे, हे संहितेच्या कलम ६ नुसार नियोक्त्याचे कर्तव्य आहे. कलम १८ नुसार केंद्राला सुरक्षा व आरोग्याची मानके घोषित करता येतात. या अधिकारात कार्यालयीन कामासाठी एक संक्षिप्त मानक तयार होऊ शकते : खुर्चीची उंची बदलता यावी, मागणी करणाऱ्यास पायांखाली आधार मिळावा, लॅपटॉपवर दिवसभर काम करणाऱ्यास स्वतंत्र कळफलक मिळावा, कामाच्या वेळेतच छोटे विराम धरले जावेत आणि रुजू होताना एकदा आसनाची जुळवणी करून दिली जावी. संहितेत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहेच. तिच्या अर्जात मान, पाठ, मनगट आणि डोळे यांविषयी चार प्रश्न जोडले, तर आज नसलेली आकडेवारी काही वर्षांत उभी राहील.

लहान आस्थापनांवर बोजा पडेल, हा आक्षेप विचारात घ्यावाच लागेल. परंतु पाट, वेगळा कळफलक आणि पाच मिनिटांचा विराम यांचा खर्च, दुखण्यापायी गमावलेल्या अनुभवी कर्मचाऱ्याच्या तुलनेत नगण्य ठरतो. उभ्या कामगारासाठी १९४८ मध्ये कायद्यात आलेली तरतूद कोळिकोडच्या दुकानापर्यंत पोहोचण्यास ७० वर्षे लागली. बसलेल्या कर्मचाऱ्यालाही तितकीच प्रतीक्षा करावी लागणार का, याचे उत्तर संहितेखालील नियम व मानके ज्या टेबलांवर लिहिली जात आहेत, तेथेच ठरणार आहे.