जॅझ म्हणजे जुगाड नाही!

न्यूयॉर्कमध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा जॅझ क्लब १९३५ पासून चालू आहे. तळघरातली जेमतेम १२३ माणसांची जागा, जेवणसुद्धा मिळत नाही. तरी लोक पैसे मोजून जिना उतरतात, कारण आज ऐकलं ते उद्या तसंच ऐकायला मिळत नाही. वादक एकमेकांचं ऐकत तिथल्या तिथे वाजवतात. बिल एव्हान्स यांच्या १९६१ च्या तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये तर श्रोत्यांच्या गप्पा, ग्लासांचा आवाजही आहे!

आता कुणीतरी म्हणणार, “म्हणजे आपला जुगाडच की!” अजिबात नाही. धून, सूर, लय आधी पक्की असते, म्हणून ते मोकळे सुटू शकतात. मालाचा भाव आणि स्टॉक पाठ नसलेल्या दुकानदाराला गिऱ्हाईकासमोर काय डोंबल सुचणार?