चार पाय आणि चाळीस वैद्य

रत्नागिरीत कुत्र्याने एक पाय उचलून धरला, की आळीतली किमान पाच माणसे तोंड उघडतात. पायाला हात मात्र कुणी लावत नाही. निदान फाटकाबाहेरूनच होते. "लचकला असेल." "दृष्ट लागली, दुसरं काय!" एका निवृत्त सद्गृहस्थांनी तर "लाळ्या-खुरकूत दिसतंय हो," असा निर्वाळा दिला. आता खुरकूत व्हायला आधी खूर लागतो, तोही गाईम्हशींसारखा दुभंगलेला. कुत्र्याला साधारणपणे 18 नखे असतात, खूर एकही नसतो. पण हे सांगायचे कुणाला? ज्यांनी उभा जन्म कचेरीत फायलींना पाय फुटताना पाहिले, त्यांना पायांबद्दल शिकवणारे आपण कोण!

निदानाबद्दल माझी तक्रार नाही. करमणूक म्हणून ते चालते. माझे भांडण उपचारांशी आहे. रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही, पण कुत्र्याच्या पायासाठी कुणाच्या तरी माळ्यावरून बाटली निघतेच. नाहीतर फिनेल. तेही नाही तर पानाच्या डब्यातला चुना. या तिन्हींनी कातडी भाजते, आणि कुत्रा आपला पाय चाटणारच, तेव्हा उरलेले औषध पोटात जाते. हेच वैद्य स्वतःच्या पायांना चिखल्या झाल्या, की मलमाच्या नळीवरची मुदत चष्मा लावून दोनदा वाचतात! अंगदुखीची गोळी अर्धी मोडून भाकरीत घालणारे आणखी निराळे. माणसाची ती गोळी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना महागात पडू शकते. अर्धी गोळी म्हणजे अर्धेच नुकसान, असा हिशेब तिथे चालत नाही.

"चाटून बरं होतं हो, निसर्गच आहे तो," म्हणणारा एक पंथ आहे. त्यांना माझे म्हणणे एवढेच, की कुत्रा तासन् तास पाय चाटतो तो वैद्यकी येते म्हणून नव्हे, खाज सुटते म्हणून. या गावावर पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाणी कोसळते. दोरीवरचा पंचा चार-चार दिवस वाळत नाही, तिथे केसाळ बोटांच्या बेचक्या काय वाळणार? ओल राहते, बुरशी धरते, चाटल्याने ओल वाढते, मग लाली, मग वास, मग पू. आणि उपाय इतका साधा, की सांगायला संकोच वाटावा. बाहेरून आला की पाय धुवा आणि बोटांमधली जागा कोरडी पुसा. बस्स. पुसता पुसता तिथे दडलेली गोचीडही सापडते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. उदबत्तीचा चटका देऊन शौर्य गाजवू नये. गोचिडीच्या तापाने कुत्री दगावतात.

पाऊस सरला, सड्यावरचे गवत वाळले, की कुसळांचे दिवस येतात. कुसळ बोटांच्या मधून शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ नेमके हेरणारी आपली नजर कुत्र्याच्या पायापर्यंत मात्र पोचत नाही! गाठ येते, फुटते, पुन्हा येते. आत कुसळ आहे तोवर हळद कितीही दाबा. पुढे आंब्याच्या पेट्यांचे खिळे. मिरकरवाड्याकडे मासे पकडायचे गळ. गळाला उलटा काटा असतो, ओढलात तर मांस घेऊन येतो. तिथे डॉक्टरच हवा.

मे महिन्यातले फिरायला नेणारे तर मला बघवत नाहीत. मालकाच्या पायात जाड तळाची चप्पल, आणि दुपारी दोनच्या डांबरावर कुत्रा नाचतोय. "त्याला सवय असते हो, अनवाणीच असतो तो!" अहो, अनवाणी आहे म्हणूनच तर भाजतोय! हवा 33 अंशांची असली तरी उन्हातले डांबर 50 च्या वर जाते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. टेकवली नाही ना? मग घरी चला.

जांभ्यावर दिवसभर उंडारणाऱ्या गावठी कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. गुळगुळीत फरशीवर साखळीला बांधलेल्या राखणदाराची वाढत राहतात. त्यातले अंगठ्याचे नख जमिनीला टेकतच नाही. ते वळत वळत मांसात घुसते. तेव्हा तो भुंकतो, आणि मालक कौतुकाने सांगतात, "राखण चोख आहे हो!"

डॉक्टरकडे न्या म्हटले, की उत्तर ठरलेले: "रिक्षावाला कुत्र्याला घेत नाही." जिल्ह्याचे गाव आहे, जनावरांचा सरकारी दवाखाना आहे. जे गाव हापूसची पेटी डाग न पडू देता रातोरात मुंबईला पोचवते, त्याला एक लंगडा कुत्रा दोन किलोमीटर नेता येत नाही, हे मला कुणी पटवून द्यावे. फाटकाबाहेरून नको, आत येऊन.