पाणी सर्वांचें, तर टंचाईही सर्वांची

खानदेशांतील शेतकरी बंधुभगिनींनो, पाऊस आतां भरंवशाचा राहिला नाहीं. कधीं महिनाभर ओढ देतो, कधीं एका रात्रींत शेतांतली माती वाहून नेतो. अशा वेळीं पैसेवाला आपली बोअर आणखी खोल नेतो आणि शेजारच्या गरिबाची विहीर आटते. हा न्याय कोणता?

आपल्या पूर्वजांनीं पांझरा नदीवर बंधारे घालून फडपद्धत चालविली. गांवची बागायत बहुधा चार फडांत वांटलेली. एका फडांत एकच पीक. पाटकऱ्यानें पाणी द्यावें, जागल्यानें राखण करावी. नदीला पाणी कमी आलें कीं कमी फड भिजवावयाचे. तोटा एकट्याच्या माथीं नाहीं. हें शहाणपण पोथींतलें नव्हे, कुणब्याच्या हातचें. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पावसाचें पाणी शेतांत मुरविण्यास ताली-बंधारे सुचविले, तेंही याच वळणाचें.

पण फडांत ज्याला जमीन त्यालाच पाणी. भूमिहीन मजूर बांधावरच उभा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनें ही उणीव भरून काढली. पाणी जमिनीवर नव्हे, घरांतील माणसांवर, माणशीं अर्ध्या एकरापुरतें, भूमिहीनासही वांटा, ऊस बंद.

म्हणून आमचें स्पष्ट सांगणें: गांवचें पाणी गांवानें मोजावें, बोअरची चढाओढ थांबवावी, वांटा माणशीं ठरवावा आणि कापसाशेजारीं ज्वारी-बाजरीस जागा ठेवावी. कापूस व्यापारी नेईल. पोरांच्या ताटांत भाकर आपणांसच वाढावयाची आहे.